पूजेचा आवाज

परवा डोंबिवलीला घरी गेलो होतो. खालच्या मजल्यावर सत्यनारायण होता, आणि स्पीकरवर तीच जुनी कथा... आजी होती तेव्हा आमच्याकडेही पूजेला हीच कॅसेट लागायची. कोण गातंय, हे कुणी कधी विचारलं नाही. तो आपला ‘पूजेचा आवाज’!

तो आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. जन्म 1933, मंगळवेढ्याच्या एका गरीब दलित घरातला. आईवडील कीर्तन-भजन गाणारे. मंगळवेढा म्हणजे चोखोबा जिथे भिंतीखाली गाडले गेले ते गाव. पंढरपूर तिथून जवळच, पण देऊळ यांना बंद. चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. 1947 साली साने गुरुजींनी उपोषण केलं, त्यानंतर ते दार उघडलं. प्रल्हाद तेव्हा चौदा वर्षांचा असेल. पुढे याच मुलाने ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ गायलं, आणि कधी वारीला न गेलेल्या आमच्यासारख्यांच्याही डोळ्यांत पाणी आणलं.

अमेरिकेत ‘सोल’ नावाचं गाणं आहे. अरीथा फ्रँकलिन त्यातली महाराणी. वडील धर्मोपदेशक, त्यांच्या चर्चमध्ये गातच ती मोठी झाली. कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनेतली आर्त हाक साध्या गाण्यात उतरली, त्याचं नाव सोल. शिंद्यांना ऐकताना मला तेच आठवतं. कीर्तनातून आलेला खडा, मोकळा गळा. तोच कव्वालीत रंगायचा आणि भीमगीतांत पेटायचा.

1956 साली दीक्षा देताना बाबासाहेबांनी हिंदू देवदेवता न मानण्याची प्रतिज्ञा दिली होती. मग भीमगीतं गाणाऱ्याने सत्यनारायण का गावा? पोटासाठी असेल, गाण्यावरच्या प्रेमाने असेल. त्यांना विचारणारा मी कोण? मला प्रश्न पडतो तो आमच्याबद्दल. त्यांचा सत्यनारायण आम्ही घरात घेतला. 14 एप्रिलला पलीकडच्या वस्तीतून तोच आवाज आला की मात्र आमच्या खिडक्या लागायच्या, ‘काय हा गोंगाट’ म्हणून. गळा एकच होता हो!

हे शिंदे घराणं आपल्या शेजारच्या कल्याणचं. आनंद आणि मिलिंद या मुलांनी कॅसेटचा जमाना गाजवला. नातू आदर्श 2013 साली ‘दुनियादारी’त ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ गायला. आजोबांच्या लहानपणी पायरीवर थांबलेलं गाणं नातवाच्या तोंडून गाभाऱ्यापर्यंत आलं, असं मला उगाच वाटून गेलं.

प्रल्हाद शिंदे 23 जून 2004 रोजी गेले. आषाढी आठवड्यावर आली होती, पालख्या वाटेवर होत्या.

असो. प्रसाद घ्यायला खाली गेलो, तेव्हा शेजारच्या मुलाला मुद्दाम विचारलं, हे कोण गातंय माहितेय का? नाही म्हणाला. मी नाव सांगितलं.

"म्हणजे आदर्श शिंदेचे आजोबा?"

हो रे बाबा, तेच.