थकीत वीजबिल : ग्राहकाचे हक्क व आधार

घरातील कर्त्या व्यक्तीची नोकरी गेली किंवा दीर्घ आजारपण उद्भवले, की वीजबिल थकते आणि वीज तोडली जाण्याची धास्ती कुटुंबाला लागते. मात्र, बिल थकताच पुरवठा खंडित करता येत नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार त्यासाठी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक आहे. या मुदतीतच वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात हप्ते बांधून देण्याचा लेखी अर्ज करावा व त्याची पोच घ्यावी.

बिलाची रक्कमच मान्य नसल्यास मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीनुसार येणारी रक्कम, यांपैकी कमी असेल ती निषेध नोंदवून भरता येते. वादाचा निर्णय होईपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. देय होऊन दोन वर्षे उलटलेली व बिलांत सातत्याने न दाखविलेली थकबाकीही वसूल करता येत नाही.

दाद मागण्यासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच व त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या स्वयंसेवी संस्थांचे मार्गदर्शनही घेता येते. नोटीस बाजूला ठेवून दिल्यास मात्र ही मुदत हातची जाते.