लाइट का जाते? लोडशेडिंग आणि बिघाड यांतला फरक

लाइट गेली की आपण सरसकट ‘लोडशेडिंग’ म्हणतो. पण कारणे वेगळी असतात. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरते. ग्रिड वाचवण्यासाठी काही फीडर मुद्दाम बंद करतात, हे भारनियमन. तार तुटणे, रोहित्र जळणे हा बिघाड. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई ठप्प झाली ती कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्याने.

भारनियमनासाठी महावितरणने गळती आणि वसुलीनुसार ए ते जी असे गट केले. गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधारही जास्त. म्हणजे मोहल्ल्यात कुणी आकडा टाकला तर वेळेवर बिल भरणाऱ्याच्या घरातही ऐन सेहरीला लाइट जाऊ शकते. हा शेजाऱ्याच्या हक्काचा प्रश्न आहे.

लाइट गेल्यास १९१२ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. भिवंडी, मालेगावात वितरण खासगी कंपनीकडे आहे. तिथे बिलावरचा नंबर लावा. ठरलेल्या मुदतीत बिघाड दुरुस्त झाला नाही, तर वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार भरपाई मागता येते. तेव्हा तोच क्रमांक कामी येतो.