चेनजियागोऊ : ताई चीचे गुरुकुल

चीनच्या हेनान प्रांतातील चेनजियागोऊ हे गाव ताई ची या युद्धकलेचे उगमस्थान मानले जाते. १७ व्या शतकात चेन वांगटिंग यांनी तिचा पाया घातला, अशी चेन घराण्याची परंपरा सांगते. मंद, वर्तुळाकार हालचाली आणि मध्येच प्रकटणारा वेगवान प्रहार ही चेन शैलीची वैशिष्ट्ये होत. दीर्घकाळ ही विद्या कुळाबाहेर जात नसे. चेन चांगशिंग (१७७१-१८५३) यांनी यांग लुचान या परक्या शिष्यास ती दिली व त्यातून यांग शैली जन्मली.

विसाव्या शतकात नामवंत गुरू शहरांकडे गेले. चेन फाके १९५७ मध्ये निधन होईपर्यंत बीजिंगमध्येच शिकवीत होते. गावातील परंपरा क्षीण झाली. ते पाहून चेन झाओपी १९५८ मध्ये गावी परतले. सांस्कृतिक क्रांतीच्या प्रतिकूल काळातही, १९७२ मधील निधनापर्यंत, त्यांनी नवी पिढी घडविली. चेन शियाओवांग, चेन झेंगलेई, वांग शिआन व झू तियानसाई या शिष्यांनी पुढे ही शैली देशोदेशी नेली. यांतील शेवटचे दोघे चेन आडनावाचे नव्हेत. कुळापुरती राखलेली विद्या अशी सर्वांची झाली. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.