ट्रकवरचा पक्षी

कुंभकोणमला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहते, त्या पाट्टींनी मागच्या पावसाळ्यात एक फोटो माझ्यापुढे ठेवला. त्यांचे वडील तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या घरातले. दुसऱ्या महायुद्धात ते मद्रास सॅपर्समध्ये फिटर होते. परतले, पण लवकरच वारले. पाट्टी तेव्हा दोन वर्षांच्या होत्या. फोटोत ते एका ट्रकला टेकून उभे आहेत. “बर्मातला आहे म्हणतात,” पाट्टी म्हणाल्या. “तू जुने कागद वाचतेस ना? मग हेही वाच.”

वाचायला सुरुवात ट्रकपासून केली. बसकं नाक आणि वरून पुढे झुकलेली समोरची काच. उन्हाची तिरीप वर उडून विमानाला दिसू नये म्हणून ती अशी बसवत. ही कॅनडातल्या फोर्ड आणि शेव्हरोलेच्या लष्करी ट्रकांची ओळख. त्या देशाने युद्धकाळात आठ लाखांच्या आसपास लष्करी वाहनं बनवली आणि त्यांतली पुष्कळ भारतीय सैन्याकडेही आली. या घडणीची केबिन 1941च्या अखेरीनंतरची, म्हणजे फोटो त्याआधीचा नाही.

पण ट्रक कॅनडाचा म्हणून तुकडी कॅनडाची होत नाही. वाहनावर एका बाजूला डिव्हिजनचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला रंगीत चौकोनात तुकडीचा आकडा, अशी पद्धत होती. कॅनडाच्या डिव्हिजनांची चिन्हं म्हणजे रंगीत आयत: पहिलीचा लाल, दुसरीचा निळा, चौथीचा हिरवा. भारतीय डिव्हिजनांना मात्र चित्रं लागत. या ट्रकवर पक्षी आहे.

दुसऱ्या बाजूचा चौकोन फिका, रिकामा. आधी वाटलं, आकडा सेन्सॉरने खोडला असेल. तसं सर्रास होई. मग फिल्म आठवली. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांतली फिल्म बहुधा लाल रंगाला आंधळी असे. लाल काळा दिसे आणि निळा जवळजवळ पांढरा. इंजिनिअरांचा चौकोन निळा, वरचा आकडा पांढरा. म्हणजे आकडा खोडलेला नसावा, रंगात विरघळला असावा. सॅपर्सशी हे जुळतं.

राहिला पक्षी. पक्षी दोन होते. 23व्या डिव्हिजनचा झुंजीचा कोंबडा इंफाळला, बर्माच्या सीमेवर लढला. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड आफ्रिकेतून इटलीत, 1944 साली कॅसिनोला गेला; बर्मात तो कधीच नव्हता. त्या डिव्हिजनमध्ये मद्रास सॅपर्सची 12वी फील्ड कंपनी होती. मी भिंग घेऊन तुरा शोधला, उभी शेपटी शोधली. दिसले ते पसरलेले पंख. पायाखाली जमीन नाही.

“इटली असावी,” मी पाट्टींना सांगितलं. पुढे हेही सांगितलं, की चिन्ह ट्रकचा पत्ता देतं, माणसाचा नाही. ते दुसऱ्याच तुकडीच्या ट्रकला टेकले असतील.

पाट्टी बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे कुणीही समुद्रापलीकडे गेलं की आई बर्माच म्हणायची. मलायाला गेलेल्या मामालासुद्धा.”

दुपारभर मी पक्ष्याचा अर्थ लावत बसले होते. ज्या शब्दाचा अर्थ आधी विचारायला हवा होता, तो मात्र मी नकाशावरचं नाव समजून सोडून दिला होता.