अंतराळप्रवास आणि रोगप्रतिकारशक्ती

बालपणीच्या कांजिण्या बऱ्या झाल्या, तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. मज्जातंतूंच्या गुच्छांत तो रोगप्रतिकारशक्तीच्या धाकाने सुप्त राहतो. अंतराळात हा धाक सैल होतो. नासाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, स्पेस शटलमधील ८९ पैकी ४७, तर आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरील २३ पैकी १४ अंतराळवीरांच्या लाळेत वा मूत्रात असे हर्पिस कुळातील विषाणू आढळले. विस्कटलेली झोप, एकांतवास, प्रारण या ताणांनी कॉर्टिसॉल व अ‍ॅड्रेनॅलिन वाढतात, टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी मंदावतात. लक्षणे मात्र अवघ्या सहा जणांत दिसली, हा दिलासाच. तथापि मोहीम लांबते तसे विषाणूंचे प्रमाणही वाढते. स्थानकावरून काही तासांत परतता येते; मंगळाच्या वाटेवरून नाही.