मॅलरीचे कपडे

1921 साली एव्हरेस्टकडे गेलेल्या इंग्रज मंडळींचा एक फोटो बघून बर्नार्ड शॉ म्हणाला होता, की आयर्लंडात सहलीला गेलेली माणसं अचानक बर्फाच्या वादळात सापडलेली दिसतायत. ट्वीडचे कोट, गळ्याला मफलर, पायांत लोकरी मोजे. पुढे 8 जून 1924 ला जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन शिखराच्या वाटेवर धुक्यात दिसेनासे झाले, आणि शॉच्या त्या थट्टेचाच लोकांनी निकाल करून टाकला. असले कपडे घालून गेल्यावर दुसरं काय होणार! गेलेल्या माणसाच्या कपड्यांना हसायला काही पैसे पडत नाहीत.

पण ते कपडे होते तरी कसे, हे कुणी घालून बघितलंच नव्हतं.

त्या काळी पाऊस अडवायचे दोन मार्ग होते. एक मॅकिंटॉशचा, 1823 चा. दोन कापडांच्या मध्ये रबर. पाणी आत येत नाही, पण घामही बाहेर जात नाही. खानापूरकडच्या पावसात प्लास्टिकचा रेनकोट घालून बाजार केलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. घरी येईपर्यंत ब्लाऊज आतूनच भिजलेलं असतं. डोंगरावर हीच ओल थंड होऊन अंगाला डसते. दुसरा मार्ग थॉमस बर्बेरीचा. त्यानं कापडाऐवजी आधी सुतालाच पाणी न धरणारं केलं आणि मग ते अगदी दाट विणलं. हे गॅबर्डिन. 1888 मध्ये त्याचं पेटंट झालं. यातून वारा सहसा शिरत नाही, पण वाफ निघून जाते. लोकर ऊब देते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. वारा ती हवाच उडवून नेतो. आपल्या धनगराचं घोंगडं भिजलं तरी उबदार राहतं, पण उघड्या माळावर वारं सुटलं की तोही आडोसा शोधतो. एव्हरेस्टवर आडोसा कुठला? तिथं आडोसा अंगावरच न्यावा लागतो.

1999 च्या मे महिन्यात मॅलरीचा देह सुमारे 8,155 मीटर उंचीवर सापडला. कपड्यांचे तुकडे खाली आणले गेले. मग इंग्लंडातल्या काही विद्यापीठांतल्या कापडाच्या जाणकारांनी धाग्याची जाडी, वीण, शिवण बघून तसाच्या तसा पोशाख तयार करवला. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडलेलं काम हेच. उसवलेली शिवण वाचायला जी नजर लागते, तिला इतिहासकाराची नजर म्हणायची सवय आपल्याला नाही.

थर होते रेशमाचे, सुताचे, लोकरीचे, आणि वर गॅबर्डिन. आपल्या घरांत रेशीम म्हटलं की आधी कोशातला किडा डोळ्यांपुढे येतो. मीही ते नेसत नाही. पण त्याचं तिथलं काम सांगायलाच हवं. लोकरीवर लोकर घातली की एकमेकींना धरून बसतात, हात उचलायलाही जोर लागतो. मध्ये रेशीम असलं की थर सरकतात. जिथं श्वासालाच हवा पुरत नाही तिथं एवढी वाचलेली ताकदही मोठीच.

2006 मध्ये ग्रॅहम हॉयलंड हा गिर्यारोहक तो पोशाख घालून एव्हरेस्टच्याच उतारावर, सुमारे 6,400 मीटरवर, वावरला. (1924 च्या तुकडीतले डॉ. सॉमरवेल त्याच्या नात्यातले. हे डॉक्टर पुढे वर्षानुवर्षं त्रावणकोरात नेय्यूरच्या दवाखान्यात राबले.) त्याचा अनुभव असा, की पोशाख हलका, उबदार आणि चालायला मोकळा. तसं नॉर्टननं 1924 मध्येच लिहून ठेवलं होतं. असेच लोकरी थर आणि वर गॅबर्डिनचा सूट घालून तो साडेआठ हजार मीटरच्या वर जाऊन जिवंत परतला होता. पण ते वाचून थट्टा थांबली नव्हती.

एक मात्र हॉयलंडनं साफ सांगितलं. चालत्या अंगाला हे कपडे पुरतील, पण उघड्यावर रात्र काढायची वेळ आली तर नाही.

रात्र काढण्याजोगा कोट तेव्हा होता का? होता. जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञानं 1922 च्या मोहिमेसाठी बलूनच्या कापडात पक्ष्यांची मऊ पिसं भरून स्वतःसाठी एक कोट करवून घेतला होता. सोबतचे हसले. मग पावणेआठ हजार मीटरवर फिंचच्या तंबूनं दोन रात्री वादळ सोसलं, आणि त्या मोहिमेत हसणारेच कोटाचा हेवा करू लागले. फिंच तेव्हा 8,300 मीटरपर्यंत गेला, माणूस तोवर इतका उंच कधी चढला नव्हता.

1924 ला मात्र आपसातल्या वादांपायी त्याला तुकडीत घेतलं नाही. तो कोटही मागेच राहिला.