फ्लॉपीतले दप्तर

दिवाळी जवळ आली की घरोघर माळे झाडले जातात. पूर्वी माळ्यावरून मोडका पाळणा निघे, पितळी समई निघे, एखादे पोथ्यांचे बासन निघे. अलीकडे त्यांत पिवळट पडलेल्या संगणकाची भर पडली आहे. मुले त्याला हसतात, गृहिणी त्याने अडविलेली जागा मोजते आणि भंगारवाला त्याला काट्यावर घालतो. इतिहासाची आवड असणाऱ्याने मात्र या पेटीकडे अंमळ आदराने पाहावे, असे मला वाटू लागले आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या सातारा-सांगलीकडे दप्तरांचे वेड जुने आहे. वाईस सापडलेल्या कागदांतून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्याच्या एक वर्ष आधी, १८९७ पासून, मिरजेत शिक्षकी करता करता वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'तून छापावयास घेतली होती. साताऱ्यास द. ब. पारसनीस यांनी कागद आणि चित्रे यांचा मोठा संग्रह केला. तो १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद जमविणाऱ्यांचे शत्रू चार: वाळवी, पावसाळा, रद्दीवाला आणि "कशाला हवेत ते जुने कागद?" असे विचारणारे घरातलेच वारस. हे चौघेही अजून हयात आहेत. पण आता एक पाचवा उपजला आहे. त्याची ओळख मला सांगलीत झाली.

विश्रामबागेतील एका घरी जुन्या संगणकांच्या षौकिनांचा मेळावा भरणार, असे एका स्नेह्याकडून कळले, आणि मी साताऱ्याहून एस.टी.ने कऱ्हाडमार्गे तेथे जाऊन थडकलो. असे मेळावे परदेशांत नवे नाहीत. कॅलिफोर्नियात १९९७ पासून ते भरत आले आहेत. सांगलीचा मेळावा म्हणजे एक दिवाणखाना, दहा-बारा माणसे, डाग देण्याच्या राळेचा वास आणि चहाचे कप. कोणी गळक्या बॅटरीने खाल्लेली तांब्याची रेघ जोडीत होता, तर कोणी फुगलेले कपॅसिटर उतरवीत होता.

एका टेबलावर 'बीबीसी मायक्रो' हे इंग्लंडातले यंत्र होते. १९८४ मध्ये सरकारने शाळांतून संगणक-शिक्षणाची 'क्लास' योजना सुरू केली, तेव्हा याच जातीचे संगणक आपल्या विद्यार्थ्यांपुढे आले. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या मोबाईलने काढलेले एक छायाचित्र साठवावयाचे, तर अशी शंभरएक यंत्रे लागावीत!

परंतु माझे लक्ष वेधले ते कोपऱ्यातील एका साध्या पी.सी.ने. त्यात 'जिस्ट' नावाचे कार्ड बसविलेले होते. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे हे तंत्र मूळ कानपूरच्या आय.आय.टी.तले, १९८८ साली पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था निघाल्यावर ते तेथे वाढले. केवळ इंग्रजी जाणणाऱ्या यंत्रात हे कार्ड खोचले की ते मराठी लिहू लागे.

त्या यंत्रापुढे एक बाई पाच फ्लॉप्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचे वडील खानापूर तालुक्यात शिक्षक. त्यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि निवृत्तीनंतर कोणाकडून तरी संगणकावर टंकून घेतल्या. वडील गेले. २०१९ च्या महापुरात कृष्णेने हस्तलिखित वह्याही नेल्या. वरच्या खणात होत्या म्हणून फ्लॉप्या तेवढ्या वाचल्या.

पहिल्या फ्लॉपीतील मजकूर एका तरुणाने आपल्या नव्या संगणकावर घेऊन पाहिला. पडद्यावर युरोपातील कुठल्याशा भाषेची, डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरे उमटली. बाईंचा चेहरा उतरला. मग तीच फ्लॉपी जुन्या यंत्रात घातली. खट्-खट्, घर्र असा आवाज झाला आणि काळ्या पडद्यावर एकामागून एक मराठी ओळी उतरू लागल्या. बाई काही बोलल्या नाहीत. पदर डोळ्यांना लावून नुसत्या वाचीत राहिल्या.

हा चमत्कार नव्हे. संगणक अक्षर ओळखत नाही; तो केवळ आकडे साठवितो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, याचा करार ठाऊक असेल, तरच वाचन होते. 'जिस्ट'चा करार 'इस्की' नावाने १९९१ साली भारतीय मानक ठरला आणि आजच्या युनिकोडातील देवनागरीची मांडणीही त्याच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. म्हणून त्या ओव्या नव्या यंत्रावर नेणे सोपे झाले. परंतु छापखान्यांत पुढे जे फॉन्ट आले, त्यांत ज्याने त्याने आपापले आकडे ठरविले. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ढ'! त्या काळातल्या कितीतरी स्मरणिका, गावांचे इतिहास, कुलवृत्तान्त अशा करारांत अडकले आहेत. फॉन्ट हरवला की मजकूर मुका झाला. हाच तो पाचवा शत्रू.

आणि तो केवळ आपल्याकडचाच नव्हे. इंग्लंडात १०८६ साली राजाने देशाची मोजदाद करून 'डूम्सडे बुक' लिहविले. त्याच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने हजारो शाळकरी मुलांकडून देशाचे नवे वर्णन जमवून लेसर-तबकड्यांवर साठविले. ते वाचावयास बीबीसी मायक्रोच्याच कुळातले यंत्र लागे. पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली आणि तबकड्या वाचण्यासाठी संशोधकांना विशेष खटपट करावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीचे चामड्याचे पान मात्र जाणकाराला आजही नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. आपला मोडी कागदही तसाच. लिपी शिकली की कंदिलाच्या उजेडातही तो बोलतो. फ्लॉपीला मात्र स्वतःचे यंत्र हवे, आणि यंत्राला ते चालविणारा माणूस.

म्हणून ही मंडळी जुनी खेळणी कुरवाळीत बसली आहेत, असे कोणी म्हणू नये. ज्या डोळ्यांनी हे दप्तर वाचावयाचे, ते डोळे ती शाबूत ठेवीत आहेत. त्या दिवशी पाचांपैकी तीन फ्लॉप्या उघडल्या. उरलेल्या दोहोंवर बुरशीची पांढरी जाळी चढली होती. त्यांतील ओव्या गेल्या त्या गेल्याच. त्या गाणाऱ्या बायकाही आता नाहीत.

तेव्हा वाचकहो, यंदा माळा झाडताना एखादी चौकोनी चकती हाती लागली, तर ती भंगारात घालण्यापूर्वी जाणत्याला दाखवा. आत काही निघाले, तर त्याच्या दोन नकला दोन घरी ठेवा आणि एक प्रत कागदावरही छापून घ्या. त्या बाईंनी तसेच केले. तीन फ्लॉप्यांतल्या ओव्यांची वही आता त्यांच्या वरच्या खणात आहे.